कोरस दोन

त्या रविवारी मी बदलापूरहून पप्पांकडे अंबरनाथला गेले, तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. पप्पांच्या पलंगाच्या कडेला, जिथे मी बसते तिथे. तिच्या हातात पप्पांची गोळ्यांची डबी होती आणि कुठली गोळी जेवणाआधी घ्यायची, कुठली नंतर, हे ती त्यांना समजावत होती. मी आणलेली मच्छी ओट्यावर ठेवली, माठातलं पाणी प्यायले. मला कुणी बस म्हटलं नाही. माझ्याच माहेरी मला कोण बस म्हणणार. पण ते टोचलं.

ती म्हणजे आमच्या चाळीतली समोरच्या खोलीतली मुलगी. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. आमच्या घरात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. मम्मी म्हणायची, "समोरची आली बघ," आणि तेच नाव पडलं. तिची आई उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायच्या कामाला जायची ती अंधार पडल्यावर घरी यायची, त्यामुळे शाळा सुटली की समोरची आमच्याकडेच असायची. पुढे तिचं लग्न दोन गल्ल्या सोडून झालं. माझं झालं बदलापूरला, कुळगावात. मम्मी गेल्यापासून पप्पा एकटे राहतात. मी रविवारची लेक, ती रोजची.

पप्पा कंपनीत फिटर होते. कंपनी सुटली की गायक. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की आमच्याकडे पेटी खोक्यात जातच नसे. पलंगावर पेटी, खाली सतरंजीवर ढोलकीवाले काका, बेंजोवाले काका आणि दाराशी आम्ही दोघी, कोरसला. पप्पा स्वतः गाणी लिहायचे, चाली लावायचे आणि आमच्याकडून घोटून घ्यायचे. समोरचीने ओळ उचलली की त्यांचे डोळे मिटायचे. मी उचलली की ते पेटीचा स्वर जरा मोठा करायचे. हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं. ते तिला "बाळ" म्हणायचे आणि मला "अगं". घरच्या माणसाला अगंच म्हणतात, असं मम्मी म्हणायची. तिला काय माहीत, मला बाळ व्हायचं होतं.

आम्ही बारावीत असताना वस्तीतल्या जयंती मंडळाने पप्पांच्या गाण्यांची सीडी काढली. उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानामागे एक रेकॉर्डिंगची खोली होती, भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. मालक सिंधी. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. त्या सीडीच्या कव्हरवर पप्पांच्या नावाखाली आम्हा दोघींची नावं छापली होती. जयंतीला विहाराबाहेरच्या स्टॉलवर ती वाजत होती आणि मी दिवसभर काही ना काही कारण काढून त्या स्टॉलवरून ये-जा करत होते.

त्या सीडीवर माझं अर्धं आयुष्य निभावलं. सासरी मी 'गाणारी सून' म्हणून आले. सासूबाई पाहुण्यांना सीडी लावून दाखवायच्या, "हा जो बारीक आवाज आहे ना, तो आमच्या सुनेचा." हळदीला मला आग्रह व्हायचा. मी दोन ओळी गायचे आणि कुणीतरी म्हणायचंच, "सीडीत जास्त गोड लागतो." मी सांगायचे, मशीनमध्ये आवाज साफ करतात. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, असं सगळेच म्हणतात. मलाही वाटायचा. पुढे मुलं, नोकरी, घर यात गाणं सुटलं. समोरचीचं नाही सुटलं. ती अजून गाते, पदर खोचून, हातात माइक घेऊन. आजही लोक तिला पप्पांची शिष्या म्हणतात. मला पप्पांची मुलगी म्हणतात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, तरी मला वाटतं.

तर त्या रविवारी ती म्हणाली, "काका, ती आपली सीडी यूट्यूबवर टाकू या. माझ्याकडची घासली गेलीय, अडकते. तुमच्याकडे चांगली आहे का?"

पप्पांकडच्या सीडीला बुरशी धरली होती. माझी कुळगावच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. पप्पा विचार करून म्हणाले, "त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल बघ. तो अंकलचाच ना."

तेही खरं. सीडी झाल्यावर अंकलनी नवीन मशीन घेतलं आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर पप्पांनी माझ्या कोर्ससाठी घरी आणला. मी त्यावर टायपिंग शिकले, बायोडेटा केला. नंतर तो मम्मीने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून झाकला, आणि तो तसाच टेबलावर राहिला.

"मी बघते," समोरची लगेच उठली.

"मी बघते," मी म्हटलं. "कॉम्प्युटर माझा आहे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती परत बसली.

कव्हर काढलं, धूळ पुसली, वायरी खोचल्या. चालू होईल असं वाटलं नव्हतं, पण डबा गुरगुरला आणि पोट फुगलेल्या त्या मॉनिटरवर हिरवी टेकडी आणि निळं आकाश आलं. माझे बायोडेटे होते, मुलाच्या बारशाची निमंत्रणपत्रिका होती. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये एका कोपऱ्यात 'jayanti' नावाचा फोल्डर सापडला. त्यात एकच फाइल. तिच्या नावापुढचं तीन अक्षरांचं शेपूट मी कधी पाहिलं नव्हतं, आणि चित्राच्या जागी नुसता कोरा कागद. दोनदा क्लिक केलं तर कॉम्प्युटर मलाच विचारू लागला की ही कशात उघडू. गाणं वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये टाकली, नाही उघडली. व्हिडिओच्या, नाही. आणि फाइल होती भयंकर जड, त्या ड्राइव्हमधलं सगळं सामान एकत्र केलं तरी तेवढं झालं नसतं.

"व्हायरस असेल," समोरची मागून म्हणाली. तिचा आवाज मला जरा घाईचा वाटला. "राहू दे ना. मी कुणाकडून तरी सीडी मिळवते."

मी ऑफिसात रोज नाही नाही त्या फाइली उघडत असते. म्हटलं, साध्या लिहायच्या पाटीवर, नोटपॅडवर, उघडून बघू. कॉम्प्युटर बराच वेळ घुमत बसला आणि मग चौकोन, टिंबं, उलटेसुलटे अक्षरांचे ढीग खाली वाहायला लागले. बंद करणार, तेवढ्यात त्या कचऱ्यात एक शब्द दिसला. papa. थोडं खाली dholki. मग benjo, peti. मग kors 1, kors 2. आणि त्याच्या खाली, kors 2 B.

मला इतका आनंद झाला की मी मागे वळून सांगणार होते. पण ती पप्पांना चहा गाळून देत होती आणि पप्पा तिला म्हणत होते, "बाळ, साखर कमी टाक." मी परत स्क्रीनकडे वळले. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि म्हटलं, "नाही उघडत. खराब झालीय बहुतेक."

हे खोटं मी का बोलले, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. ती फाइल मला तिच्याआधी उघडायची होती. पप्पांसमोर फोन धरून मीच म्हणणार होते, ऐका. एवढी एक गोष्ट तरी माझ्या हातून व्हावी.

पुढच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकून उल्हासनगरला गेले. फर्निचरचं दुकान तिथेच होतं. मागच्या खोलीत आता लग्नाचे व्हिडिओ जोडतात. गाद्या काढून भिंती गुलाबी केल्यात. अंकल मात्र तेच, फक्त केस पांढरे आणि कानात मशीन. मी पप्पांचं नाव सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"बेटा, वो बेसुरा ढोलकीवाला जिंदा है क्या?"

"आहेत. अजून वाजवतात."

ते हसले. पेनड्राइव्ह लावला, चष्मा वर केला, फाइलचं शेपूट बघून म्हणाले, "अरे, ही तर माझी फाइल आहे. पूरा प्रोजेक्ट आहे. सीडी म्हणजे शिजलेली भाजी, समज. हे सगळं कापून अलग अलग ठेवलेलं सामान. तुझ्याकडे कशी उघडणार? जुना सॉफ्टवेअर पाहिजे."

त्यांच्याकडे ते होतं. मधल्या वेळात त्यांनी चहा मागवला, माझी मुलं किती मोठी ते विचारलं. मग स्क्रीनवर आडव्या रंगीत पट्ट्या उमटल्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीच्या डाव्या बाजूला नाव. पप्पांची निळी, ढोलकीची तांबडी, बेंजो, पेटी. प्रत्येक पट्टीत आवाजाचे डोंगर. अंकलनी चालू केलं आणि पप्पांचा तेव्हाचा आवाज खोलीत आला, भरदार, न थांबता वर चढणारा. आता ते तीन वाक्यं बोलले की दम लागतो. मी पदराने डोळे टिपले. अंकलनी मान दुसरीकडे वळवली.

मग कोरस आला. आमचे दोन आवाज. ऐकता ऐकता माझं लक्ष पट्ट्यांकडे गेलं. कोरस एक हिरवी. कोरस दोन बी पिवळी. आणि मधली, कोरस दोन, राखाडी.

"ही राखाडी का आहे?"

"ती बंद आहे."

"आता बंद केलीत?"

"नाही, नाही. सेव्हच तशी झालेली आहे."

"म्हणजे सीडीत ती नाही?"

अंकलनी गाणं थांबवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, दोघींतली मी कुठली ते त्यांना तेव्हा कळलं असावं. "बेटा, पुरानी बात आहे. तुला गाणी पाहिजेत ना, मी काढून देतो."

"ती चालू करा. एकटीच."

त्यांनी चष्मा पुसला. मग बाकीच्या पट्ट्या बंद केल्या आणि राखाडीवर क्लिक केलं.

ती मी होते. ओळखायला एक क्षणही लागला नाही. हळदीला गाणारा, बाळाला झोपवताना गाणारा, बाथरूममध्ये गाणारा माझा आवाज, फक्त कोवळा. परका अजिबात वाटला नाही. आणि तो कणसूर होता. वरच्या स्वराला जाताना तो पोचतच नव्हता, प्रत्येक वेळी थोडासा खाली राहत होता, पायरी चुकल्यासारखा. पण गात होता मन लावून.

"आता ती पिवळी."

पिवळी लागली. ओळ सुरू करण्याआधी दातांतून बारीक श्वास ओढायची सवय एकाच मुलीला होती. समोरचीला. हिरवी पट्टी तिची, पिवळीही तिची. सासूबाई पाहुण्यांना जो बारीक आवाज ऐकवायच्या, तो तिचा होता.

"तेरे पापाने तिला दुसऱ्या दिवशी परत आणलं," अंकल हळू आवाजात म्हणाले. "एकाच टेकमध्ये करून गेली. मी म्हटलं, जुनी पुसून टाकू? ते बोलले, पुसू नको, बंद करून ठेव."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी गाणी काढून दिली आणि मी मागितली नसताना ती राखाडी पट्टीही वेगळी करून दिली.

मला आधी राग पप्पांचा यायला हवा होता. आला नाही. रिक्षात बसल्यापासून माझ्यासमोर तो दुसरा दिवसच येत राहिला. मी घरी आहे, बहुधा भांडी घासतेय, आणि ती दोघं उल्हासनगरला चाललीत. ती हेडफोन लावून उभी आहे आणि काचेपलीकडे पप्पांनी डोळे मिटलेत. येताना त्यांनी तिला काहीतरी खाऊ घातलं असेल. आणि मग ती दोघं चाळीत शिरताना गप्प झाली असतील, माझ्यासाठी. एवढी वर्षं त्या दोघांचं असं काहीतरी होतं ज्यात मी नव्हते. आवाज गेला त्याचं मला एवढं नव्हतं. ते दोघांचं गुपित मला सहन होईना.

मी बदलापूरला न जाता अंबरनाथला उतरले. पप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"आज कशी काय? शनिवारी?"

"फाइल उघडली."

ते खुर्चीच्या हातांना धरून उठले. मग आत गेले, पलंगावर बसले. मी टेबलाजवळची खुर्ची ओढली.

"कणसूर लागत होतीस," ते म्हणाले. "मंडळाची सीडी होती. माझी एकट्याची असती तर तशीच ठेवली असती."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू गाणं सोडलं असतंस."

"मी तसंही सोडलंच की."

"सोडलंस. पण रडून नाही सोडलंस."

मी विचारलं, "आणि तिला का सांगितलंत?"

"गायचं तिलाच होतं. न सांगता कसं गाऊन घेणार?" ते दम घ्यायला थांबले. "तिला मी बजावलं होतं, हिला कळता कामा नये. ती तिथेच रडायला लागली. म्हणाली, काका, मग माझंही नाव नको. मी म्हटलं, दोघींची राहतील."

हे त्यांनी सांगायला नको होतं. तिने काहीतरी वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं तिच्या आवाजावर मिरवत होते, ती समोर बसून टाळ्या वाजवायची, आणि एकदाही तिच्या ओठाचा कोपरा हलला नाही. म्हणजे गळाही तिचाच चांगला आणि मनही तिचंच. माझ्या वाट्याला काय ठेवलं होतं मग?

गाणी मी तिला लगेच पाठवली नाहीत. आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिले. तिचे दोन मेसेज येऊन गेले, 'काही झालं का ग?' शेवटी पप्पांनीच फोन केला, "जयंतीच्या आत होऊ दे." मग एका दुपारी ऑफिसातून सगळी पाठवून दिली. राखाडी पट्टी सोडून.

तिने चढवली. सोबत पप्पांचा पेटीवरचा जुना फोटो लावला. खाली गायक म्हणून पप्पांचं नाव आणि कोरस म्हणून आम्हा दोघींची नावं. माझं आधी. मी तिला फोन लावला.

"माझं नाव काढ."

"का?"

"मी त्यात नाहीये."

मागे तिच्या घरातला कुकर वाजत होता.

"काकांनी सांगितलं?"

"फाइलनेच सांगितलं."

"तू कॉम्प्युटर लावलास त्या दिवशीच मला भीती वाटलेली," ती म्हणाली. "राहू दे ना नाव. कुणाला काय कळतंय."

"मला कळतंय. काढ."

तिने काढलं. संध्याकाळी बघितलं तर पप्पांच्या नावाखाली एकटं तिचं नाव. मीच सांगितलं होतं, आणि तेच खरं होतं. तरीही ती दोन नावं अशी एकाखाली एक मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं, काय आवाज आहे ताई. गुरूचं नाव काढलंत ताई. मी सगळं वाचलं, एकही सोडलं नाही. मिस्टरांनी विचारलं, "काय वाचतेस एवढं?" मी फोन पालथा ठेवला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले, तिच्या आधी पोचावं म्हणून. पप्पांचा चहा मी केला, गोळ्या मी दिल्या. ती आली ती वाटाण्याच्या शेंगांची पिशवी घेऊन. मला बघून दारातच थबकली, मग चप्पल काढली आणि सतरंजीवर बसून शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळाने मीही खाली बसले. दोघींच्या मध्ये परात.

"रागावलीस?" तिने वर न बघता विचारलं.

"हो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावरच."

"मी काय केलं?"

"काहीच नाही."

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षित होतं. मग म्हणाली, "तुला एक सांगू? मला तुझा यायचा राग, लहानपणी. रात्री झोपायला मला समोर जावं लागायचं. तू इथेच राहायचीस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती. मला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर मन हलकं होईल. झालं नाही, निदान लगेच तरी नाही. पण मी परात तिच्याकडे थोडी सरकवली, तिचा हात पुरत नव्हता म्हणून.

"दोघी गप्प का?" पप्पांनी पलंगावरून विचारलं.

"शेंगा सोलतोय," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.